दुसऱ्या नोकरीचा अर्ज आणि वरिष्ठांचा विश्वास
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



तरुणांना उपयोगी पडेल असे काही बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य शाळेत गेलेले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, व्यवहारातील एका लहानशा प्रश्नाचा विचार आपण माझ्यासमवेत करावा, एवढीच विनंती आहे.

आपली बहुतेक कुटुंबे नोकरीवर चालतात. मुलगा वा मुलगी एका ठिकाणी काम करीत असता अधिक चांगल्या जागेसाठी अर्ज करते आणि घरात वाद उभा राहतो : साहेबांना आधी सांगावे की सांगू नये? वडील म्हणतात, ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यापासून काही लपवू नये. मुलगा म्हणतो, सांगितले आणि ती जागा मिळाली नाही तर? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून नोकरी कोणत्या प्रकारची, हे प्रथम पाहिले पाहिजे.

शासकीय सेवेत हा प्रश्न नियमानेच सोडविलेला आहे. तेथे अर्ज योग्य मार्गाने पाठवावा लागतो व कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही केवळ औपचारिकता नव्हे. पेन्शनच्या नियमांप्रमाणे राजीनामा दिला की मागील सेवा बुडते. मात्र रीतसर परवानगी घेऊन दुसरी शासकीय जागा स्वीकारण्यासाठी तो दिला असेल, तर ती सेवा धरली जाते. दहा-बारा वर्षांची चाकरी अशी एका कागदावर अवलंबून असते. येथे गुप्तता म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा.

खाजगी शाळांतील शिक्षकांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा व १९८१ ची नियमावली आहे. स्थायी शिक्षकाने तीन महिन्यांची, अस्थायीने एका महिन्याची पूर्वसूचना द्यावयाची असते. राजीनाम्याच्या दोन प्रती करून दोहोंवर सही व तारीख घालावी, एक व्यवस्थापनाकडे नोंदणीकृत टपालाने पाठवावी व दुसरी आपल्यापाशी ठेवावी, असे कायदाच सांगतो. ही दुसरी प्रत जपून ठेवा.

आता कारखाने, पेढ्या व कंपन्या. येथे करारात तसे कलम नसेल, तर केवळ अर्ज केल्याचे सांगण्याचे बंधन नसते. माझे स्पष्ट मत असे, की नेमणुकीचा लेखी हुकूम हाती येईपर्यंत मौन पाळावे. माझ्या एका विद्यार्थ्याने भाबडेपणाने मुलाखतीआधीच साहेबांना सांगितले. ती जागा मिळाली नाही. पण 'हा आज ना उद्या जाणार' असा शिक्का बसला आणि त्या वर्षीची बढती दुसऱ्याला गेली. साहेब दुष्ट होते असे मी म्हणत नाही. जाणाऱ्यावर भिस्त कोण ठेवील?

परंतु मौन निराळे आणि असत्य निराळे. साहेबांनी सरळ विचारले, तर 'चांगली संधी आल्यास विचार करीन' असे सांगावे. खोटी शपथ वाहू नये. मुलाखतीसाठी आजारपणाची रजा घेऊ नये, हक्काची रजा घ्यावी. कचेरीच्या वेळात व कचेरीच्या यंत्रावर अर्ज लिहू नये. आणि अडचण पगाराची किंवा बदलीची असेल, तर अर्ज करण्यापूर्वी तीच वरिष्ठांपुढे मांडून पाहावी. पुष्कळदा तेथेच मार्ग निघतो.

हुकूम हाती आल्यावर मात्र पहिली वार्ता साहेबांना द्यावी, सहकाऱ्यांना नंतर. समक्ष भेटून सांगावे, मग लेखी द्यावे. मुदत पूर्ण करावी आणि काम नीट सोपवावे. भविष्यनिर्वाह निधी काढून न घेता नव्या ठिकाणी वर्ग करून घ्यावा. ग्रॅच्युइटीसाठी स्थायी सेवकाला सामान्यतः ५ वर्षांची सलग सेवा लागते. ती भरत आली असेल तर हिशेब करूनच तारीख ठरवावी.

शेवटी आपल्या ज्ञातीपुरती एक गोष्ट. आपल्यातील अनेकांना पहिली नोकरी एखाद्या ज्ञातिबांधवाच्या शब्दावर मिळते. ज्याने शब्द टाकला, त्याला ही बातमी परक्याकडून कळू नये. राजीनाम्यापूर्वी त्याच्या घरी जाऊन सांगावे. नाही तर मागाहून येणाऱ्या मुलासाठी तो पुन्हा शब्द टाकणार नाही. आणि वडीलधाऱ्यांना माझी विनंती, की स्थळ पाहताना 'आमचा मुलगा लवकरच मोठ्या कंपनीत जाणार' असे मांडवात बोलू नये. त्याच मांडवात त्याच्या साहेबांचा मेव्हणा जेवत असतो!

नोकरी बदलणे हा द्रोह नव्हे. फक्त जाताना असे जावे, की पुढे कधी त्या दारावरून जाण्याची वेळ आली, तर मान खाली घालावी लागू नये.