दारचा कुत्रा आणि घरधन्याचे कर्तव्य



गोव्याच्या खेड्यापाड्यांत दारी कुत्रा नाही असे घर विरळाच. कुळागराची राखण, रात्रीची जाग आणि मुलांची सोबत ही कामे तो वर्षानुवर्षे बिनतक्रार करतो. दोन वेळचा उरलासुरला भात त्याला मिळतो. परंतु तो आजारी पडून कोपऱ्यात बसेपर्यंत त्याच्या प्रकृतीची विचारपूस सहसा होत नाही. ती भूतदयेपोटी तर व्हावीच, पण घरातील लेकरांच्या जिवासाठीही ती अगत्याची आहे.

याचे मुख्य कारण रेबीज. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून हा रोग माणसाच्या शरीरात शिरतो. एकदा लक्षणे दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. मात्र इतका भयंकर रोग लशीने पूर्णपणे टाळता येतो. लुई पाश्चर यांनी १८८५ साली कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला लस टोचली व तो मुलगा वाचला. पुढे अनुभवाने असेही दिसून आले की, एखाद्या भागातील शेकडा सत्तर कुत्र्यांना नियमित लस मिळाली तर रोगाचा फैलावच खुंटतो.

गोव्याने हे प्रत्यक्ष करून दाखविले आहे. राज्य शासन आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी २०१४ पासून मोठ्या प्रमाणावर लसीकरण हाती घेतले. पथके घरोघर फिरली, रस्त्यावरची कुत्री जाळ्यांत धरून त्यांना लस टोचण्यात आली, शाळांतून मुलांना शिकविण्यात आले. २०१८ व २०१९ या दोन वर्षांत राज्यात रेबीजने एकाही माणसाच्या मृत्यूची नोंद झाली नाही. २०२१ साली गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित झाले. तथापि नियंत्रण म्हणजे निर्मूलन नव्हे. रोगाला राज्याची सीमा ठाऊक नसते आणि दरवर्षी नवी पिल्ले जन्मास येतात. त्यामुळे हे यश टिकविण्याचा भार अखेर प्रत्येक घरधन्यावर येतो.

‘आमचा कुत्रा अंगणाबाहेर जात नाही, त्याला लस कशाला?’ असे काही ठिकाणी विचारले जाते. पण पिसाळलेले कुत्रे कोणाचेही अंगण ओळखत नाही. पिल्लू तीन महिन्यांचे होताच त्याला रेबीजची लस द्यावी, वर्षभराने पुन्हा द्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित देत राहावे. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग लहान पिल्लांचा घास घेतात. त्यांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते. लसीची नोंद असलेले कार्ड रेशनकार्डाइतकेच जपून ठेवावे.

दुसरी बाब जंतांची. कुत्र्याच्या विष्ठेतील जंतांचा उपसर्ग मातीत खेळणाऱ्या मुलांनाही होतो. म्हणून पशुवैद्यकाने सांगितलेल्या मुदतीने जंताचे औषध द्यावे. गोचीड व पिसवा यांसाठी कान आणि बोटांच्या बेचक्या वरचेवर तपासाव्यात. गोचिडीमुळे रक्ताचे आजार होतात. तिच्यावर रॉकेल चोळण्याची चाल घातक आहे. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यास ते पोटात जाते. कांदा, चॉकलेट व शिजवलेली हाडे कुत्र्यास घालू नयेत. उन्हाळ्यात सावली आणि भांडेभर स्वच्छ पाणी मिळालेच पाहिजे, कारण माणसासारखा घाम गाळून कुत्र्याला अंग थंड करता येत नाही.

कुत्री सुमारे त्रेसष्ट दिवसांत विते. नकोशी पिल्ले बाजारात अगर रस्त्याकडेला सोडून देणे क्रूरपणाचे आहे. शिवाय बिनलशीच्या कुत्र्यांची संख्या त्यातूनच वाढते. वेळीच निर्बीजीकरण करून घेणे हाच यावर उपाय होय.

कुत्रा चावल्यास किंवा त्याचा ओरखडा लागून रक्त आल्यास जखम तत्काळ वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर चुना, मिरची वा हळद भरू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. डॉक्टरांनी सांगितलेल्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. जखमेभोवती द्यावयाचे इंजेक्शन त्यांनी सांगितल्यास तेही टाळू नये. चावलेला कुत्रा मारून न टाकता शक्य असल्यास दहा दिवस सुरक्षितपणे नजरेखाली ठेवावा. परंतु तेवढ्यासाठी उपचार लांबवू नयेत.

येथे शिक्षकांचे साह्य मोलाचे ठरते. पिल्लाशी खेळताना दात लागला तर ओरडा बसेल या भीतीने मूल तो लपविते आणि ते लपविणेच त्याच्या जिवावर बेतू शकते. ‘कुत्रा चावला तर लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही’ एवढे वाक्य प्रत्येक वर्गात वारंवार सांगितले जावे, आणि घरच्यांनीही तो शब्द पाळावा.

कुत्रा आपले दुखणे बोलून दाखवीत नाही. खाणे सोडणे, अंधारात दडून बसणे, स्वभाव एकाएकी बदलणे, लाळ गळणे ही त्याची भाषा होय. अशा वेळी त्याला हात न लावता, मुलांना दूर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. जो रात्रभर घर राखतो त्याची एवढी राखण घराने केली, तर कुत्राही सुखी राहील आणि गावही निर्धास्त झोपेल.