उन्हाळ्यापुरता कामगार

मुंबईत वरळीला 'कॅम्पा कोला कंपाउंड' आहे. 2013-14 साली तिथले बेकायदा मजले पाडण्यावरून जो लढा झाला, तो सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला. ज्या शीतपेयामुळे त्या जागेला हे नाव मिळालं, ते बाटल्यांत भरणाऱ्या कामगारांचं काय झालं, हे मात्र तेव्हा कुणी विचारलेलं माझ्या कानावर आलं नाही.

'प्युअर ड्रिंक्स' ही कंपनी आधी कोका कोला भरत असे. परकीय भागभांडवल 40 टक्क्यांवर आणण्याची अट नाकारून कोका कोला 1977 साली देशातून गेली, तेव्हा 'प्युअर ड्रिंक्स'ने कॅम्पा कोला काढलं. 1993 मध्ये कोका कोला परतली, पार्लेचं थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट तिने विकत घेतलं. त्या स्पर्धेत कॅम्पा मागे पडलं, कारखाने थंडावले. 2022 साली रिलायन्सने कॅम्पाचं नाव विकत घेतलं आणि ते पेय पुन्हा दुकानांत आलं. नावाला गिऱ्हाईक मिळालं. जुन्या कामगाराला कुणी परत बोलावणार नव्हतं.

या धंद्यात माणसं का लागत, तेही पाहा. काचेची बाटली परत यायची. क्रेट उतरवायचे, बाटल्या धुवायच्या, दिव्यासमोर धरून आत काही राहिलंय का ते बघायचं. प्लॅस्टिकची बाटली आली आणि यातलं बरंचसं काम संपलं. कारखान्याला टाळं न लागताही माणसं घरी गेली.

त्यातही मला सर्वांत जास्त टोचतो तो हंगामी कामगार. उन्हाळा तोंडावर आला की ठेकेदार त्याला बोलावतो, पाऊस पडला की काम बंद. नोकरकपातीची भरपाई, म्हणजे दर वर्षाच्या नोकरीमागे 15 दिवसांचा पगार, मिळायची तर वर्षात 240 दिवस भरावे लागतात. उन्हाळ्याच्या हंगामात ते भरणार कसे? वीस उन्हाळे त्याच दारात राबलेला माणूस कागदोपत्री दर वर्षी नवाच. कारखाना बंद झाला, तर बेकारांच्या यादीतही त्याचं नाव नसतं.

शीतपेयाची बरीचशी विक्री उन्हाच्या जोरावर चालते. मग हंगामी कामगाराचे सगळे उन्हाळे एकत्र मोजा आणि त्या हिशेबाने त्याला भरपाई द्या, एवढी दुरुस्ती कायद्यात झालीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.