पुढच्या बाकांवरून दिसलेले भगवानदादा

(लोहारा, जि. यवतमाळ येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

पत्रिकेत आजचा विषय ‘मारधाडीच्या चित्रपटांतला नट : हलाखीकडून कीर्तीकडे’ असा छापला आहे. मी बोलणार आहे भगवानदादांविषयी, आणि या मथळ्यातला ‘हलाखीकडून कीर्तीकडे’ हा हिशेबच मला मान्य नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. भगवान आबाजी पालव यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. गिरणी कामगाराचा मुलगा, मूकपटांतली किरकोळ कामं, मग स्वस्तातले स्टंटपट, १९५१ साली ‘अलबेला’, जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला, दारात मोटारींची रांग; पुढे सगळं विकलं गेलं आणि दादरच्या चाळीत ४ फेब्रुवारी २००२ रोजी शेवट झाला. २०१६ साली यावर ‘एक अलबेला’ हा चित्रपटही येऊन गेला, म्हणून त्यात मी वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘अलबेला’ येण्याच्या कितीतरी आधी भगवानदादा तारा झालेले होते. ज्यांनी त्यांना तारा केलं, ती माणसं इतिहास लिहिणाऱ्यांना दिसली नाहीत.

ती माणसं कोण? दादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा, अशी नोंद दिली जाते. वडील मुंबईत गिरणीत. यवतमाळच्या माणसाला यातला धागा वेगळा समजावून सांगायला नको. आपला कापूस शकुंतला या छोट्या रेल्वेत बसून मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या रेल्वेने मुंबईला. ज्या मुंबईला हा कापूस पोचत होता, तिथेच परळ-लालबागच्या गिरण्यांत मुलखामुलखांतून माणसं गोळा होत होती. कोकणातला, घाटावरचा, तेलंगणातला, उत्तरेतला कामगार एका खात्यात उभा राहायचा, आणि पाळी सुटल्यावर एका थिएटरात पडद्याला खेटून असलेल्या बाकांवर बसायचा. या सगळ्यांची मिळून भाषा एक नव्हती. पण घोड्यावरून मारलेली उडी, अन्याय करणाऱ्याच्या थोबाडीत बसलेली चपराक, दोराला लटकून पार केलेली दरी यांना दुभाषा लागत नाही. स्टंटपट अडाण्यांसाठी होते असं म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं की अनेक भाषांच्या माणसांना एका वेळी समजेल असं नाटक उभं करणं हे अडाण्याचं काम नाही.

आता पुरावा. १९३८ साली चंद्रराव कदमांबरोबर दादांनी ‘बहादुर किसान’ दिग्दर्शित केला. तेव्हापासून १९४९ च्या ‘भेदी बंगला’पर्यंत ते एकामागून एक चित्रपट काढत राहिले. कपडेपट, कलावंतांचं जेवण, सगळं स्वतः बघायचे. साधारण ६५,००० रुपयांत चित्रपट पुरा करायचे, असं सांगितलं जातं. १९४१ साली मद्रासकडचा तमिळ ‘वनमोहिनी’ त्यांनी केला. त्याचं संगीत सी. रामचंद्रांचं. हे रामचंद्र चितळकर नागपुरात गाणं शिकलेले. हिंदीत त्यांना स्वतंत्र संगीतकार म्हणून १९४२ च्या ‘सुखी जीवन’मध्ये पहिली संधी मिळाली, तीही दादांकडेच. त्याच साली दादांनी ‘जागृती पिक्चर्स’ काढली, आणि १९४७ साली चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभा केला. ‘अलबेला’ला अजून चार वर्षं होती. स्वतःचा स्टुडिओ असलेल्या माणसाला आपण ‘धडपडणारा’ म्हणायचं, ते केवळ त्याचा प्रेक्षक आपल्या ओळखीचा नव्हता म्हणून?

इथे मास्टर विठ्ठल यांच्याविषयी दोन शब्द बोलायला हवेत. दोनाचे चार झाले तर सांभाळून घ्या, कारण त्यांच्याशिवाय दादांची जागा कळत नाही. विठ्ठल दादांच्या आधीचे. लहानपणी नाटक कंपनीत, मग बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत, तिथून शारदा फिल्म कंपनीत. तलवारबाजी आणि उड्या यांच्या बळावर हा मूकपटांचा पहिल्या रांगेतला नायक झाला. लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. म्हणूनच अर्देशिर इराणींनी पहिल्या बोलपटासाठी, ‘आलम आरा’साठी, त्यांनाच घेतलं. शारदा कंपनीने करारभंगाचा दावा लावला, आणि विठ्ठल यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. (तुम्हाला आश्चर्य वाटलेलं दिसतं, पण ही गोष्ट घडलेली आहे.) दावा जिंकला. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये चित्रपट लागला. ज्या नायकासाठी कोर्टकचेरी झाली, त्याला त्यात बोलायला फारसं दिलंच नाही, कारण उर्दू संवाद त्याच्या जिभेवर बसत नव्हते. त्या दिवसापासून हिंदी पडद्यावर जीभ वरच्या पंगतीला बसली आणि शरीर खालच्या. विठ्ठल पुढे भालजी पेंढारकरांच्या मराठी चित्रपटांत दिसत राहिले. ज्यांना शरीराने बोलायचं होतं त्यांच्यासाठी हिंदीत स्टंटपट ही एकच जागा उरली. वाडिया मूव्हीटोनने १९३५ च्या ‘हंटरवाली’त ती मोठी केली, आणि भगवानदादांनी तिथेच आपला संसार मांडला.

या नजरेने ‘अलबेला’ बघा. राज कपूर यांनी सामाजिक चित्रपट करा असा सल्ला दिला आणि दादांनी स्टंट सोडला, असं म्हणतात. गोष्टीपुरतं ते खरं असेल, पण नाचात स्टंट सुटलेला नाही. गीता बालींसारखी चपळ नटी शेजारी असताना हा बसक्या बांध्याचा माणूस कुठेही धावत नाही. गुडघा किंचित वाकवतो, खांदा हलवतो, हात दोन बोटांवर थांबवतो. कॅमेऱ्याच्या चौकटीत आपलं वजन कुठे ठेवायचं आणि उडी कुठे थांबवायची, हे बारा-तेरा वर्षं हाडं पणाला लावून शिकलेल्याचाच हा नाच आहे. मारामारीत ठोसा दिसला पाहिजे पण लागता कामा नये. तसंच त्या नाचातही हालचाल असते, पण दम लागलेला दिसत नाही. आणि समोरच्या माणसाला वाटतं, हे मलाही जमेल. म्हणून तो नाच वरातीत उतरला, आणि म्हणूनच पुढे अमिताभ बच्चनसारखा त्यांच्याहून कितीतरी उंच नट तीच ढब घेऊन नाचू शकला. कथाही पाहा : नाटकाच्या वेडापायी घर सोडणारा, नाव मिळवल्याशिवाय परतणार नाही म्हणणारा प्यारेलाल. पुढच्या बाकांवरच्या माणसाचंच स्वप्न ते.

अभिनेत्री ललिता पवारांविषयी मागून आलेला प्रश्न मी ऐकला आणि तो टाळणार नाही. १९४२ च्या ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रणात दादांची थप्पड ललिता पवारांना जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला, नायिका म्हणून त्यांचं आयुष्य तिथे संपलं. ठोसा लागता कामा नये असं मी आत्ताच म्हणालो, आणि इथे तो लागला. या धंद्याची किंमत एका बाईने मोजली, हे दादांच्या कौतुकात झाकून ठेवू नये. पण त्यातून मारधाड हलकी कला ठरत नाही. ती जोखमीची कला होती आणि त्या जोखमीला कोणतंही संरक्षण नव्हतं, हे ठरतं. दुसरा आक्षेप असा की हे चित्रपट मुळात वाईटच होते. असतील काही. पण हा निकाल देणाऱ्यांपैकी ते पाहिलेत किती जणांनी? दादांच्या बहुतेक स्टंटपटांच्या प्रती आज नाहीत. गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेल्या. ‘आलम आरा’चीही प्रत उरलेली नाही. न पाहिलेल्या चित्रपटांवर आपण दर्जाचा शिक्का मारतो, आणि ‘अलबेला’ उरला म्हणून तिथूनच कीर्ती मोजायला लागतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘झमेला’ हा चित्रपट, कर्ज, उतरता काळ हे सगळं राहिलं. राहू द्या, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. एकच विनंती करून बसतो. ज्यांच्या घरात पूर्वी टुरिंग टॉकीज होती, थिएटर होतं, किंवा आजोबा पोस्टरं चिकटवायला जात, त्यांनी पेट्या उघडून पाहाव्यात. जुनी जाहिरातपत्रकं, आठ पानांची गाण्यांची चोपडी, फाटकं पोस्टर, एखादं रीळ सापडलं तर रद्दीत देऊ नका. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्यांना पत्र लिहा.