चेहऱ्याची ओळख आणि समोरचा माणूस



भीमा-अमरजा संगमावरील या गाणगापूर क्षेत्री दुपारी मधुकरी मागण्याची परंपरा आहे. श्रीदत्तात्रेय कोणत्याही वेषात भिक्षेला येतात, अशी भाविकांची श्रद्धा. म्हणून झोळी पुढे करणाऱ्याचा चेहरा येथे कोणी न्याहाळीत नाही. शासकीय व्यवहारात मात्र चेहऱ्यालाच महत्त्व येत आहे. निवृत्तिवेतनधारकांना 2021 पासून मोबाइलसमोर चेहरा धरून हयातीचा दाखला देता येतो. अंगणवाडीतून घरी न्यावयाच्या शिध्यासाठीही जुलै 2025 पासून चेहरा पटविणे सक्तीचे झाले. वृद्धांचे हेलपाटे वाचले, ही सोय थोडी नव्हे.

परंतु यंत्र चेहरा ओळखते म्हणजे काय करते? चेहऱ्याच्या ठेवणीवरून ते अंकांची मालिका तयार करते व ती नोंदीतील मालिकेशी ताडून पाहते. समोर जिवंत माणूस आहे की त्याचे छायाचित्र, हे केवळ या ताडणीतून कळत नाही. म्हणून डोळे मिचकाविण्यास सांगितले जाते. त्यावरही तोडगा काढणारे निघालेच. चीनमध्ये शांघाय येथे 2021 साली उघडकीस आलेल्या प्रकरणात दोघांनी विकत घेतलेल्या छायाचित्रांना डोळे मिचकावयास व मान हलवावयास लावले आणि ती चित्रफीत, कॅमेरा वगळून, थेट करविभागाच्या यंत्रणेस पुरविली. यंत्रणा फसली.

आपल्याकडे इतके कसबही लागले नाही. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर जानेवारी 2023 पासून मजुरांचे छायाचित्र दिवसातून दोनदा पाठविणे बंधनकारक झाले. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाच्या जुलै 2025 च्या परिपत्रकात नमूद झाले, की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, एवढेच नव्हे तर छायाचित्रांची छायाचित्रे, हजेरी म्हणून पाठविली जात होती. उपाय जुनाच ठरला: ग्रामपंचायतीने प्रत्येक छायाचित्र डोळ्यांखालून घालावे.

जुळणीची कसोटी सैल ठेवली तर तोतया आत शिरतो. कडक केली तर जिचे आधारवरील छायाचित्र दहा वर्षांपूर्वीचे आहे, ती माता शिध्यावाचून परतते. दोन्ही चुका टाळणारे यंत्र अद्याप कोणापाशी नाही. त्यामुळे यंत्राने नाकारलेल्या माणसासाठी दुसरी वाट खुली ठेवणे हे कर्मचाऱ्याचेच काम राहते. शिवाय परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. चेहरा कसा बदलणार?

कोणी अनोळखी गृहस्थ दारी येऊन, "आजी, जरा इकडे पाहा," म्हणत मोबाइल पुढे धरील, तर कशासाठी ते आधी विचारावे. आधारमधील बोटांचे ठसे, बुबुळे व चेहरा यांना कुलूप लावण्याची सोय आहे. माहिती 1947 या क्रमांकावर मिळते. हयातीचा दाखला देण्याच्या दिवशी मात्र ते कुलूप तात्पुरते उघडावे लागेल.