वाळूत शिरलेली वीज
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



मी पायाळू. आज इतक्या वर्षांनी या मंडळात ते प्रथमच उघड सांगते, कारण लग्न जुळवताना आमच्या घरी ही गोष्ट दडवून ठेवली होती. पायाळूवर वीज पडते म्हणे! ढग गडगडले की आई मला माजघरात कोंडायची आणि भावंडे खुशाल पागोळ्यांखाली भिजायची.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने एक वस्तू माझ्या हातावर ठेवली. तो भूगर्भशास्त्र शिकवतो. मला वाटले, शेवग्याच्या वाळक्या शेंगेचा तुकडाच दिला. बाहेरून करडी, खरखरीत, वाळूचे कण चिकटलेली. पण आतून पोकळ आणि बांगडीसारखी चकचकीत. म्हणाला, "मावशी, ही बघ तुझी वीज!"

आपल्या बांगडीची काचही मूळ वाळूचीच. पण भट्टीत सोडा आणि चुना घालतात, म्हणून ती कमी आचेवर वितळते. नुसत्या गारेच्या वाळूला सुमारे १७०० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. विजेच्या वाटेतली हवा तर ३०,००० अंशांपर्यंत तापते. वीज वाळूत शिरली की तिच्या वाटेवरची वाळू निमिषात वितळते, तापलेली हवा व वाफ तिला चहूकडे रेटते, म्हणून मध्ये पोकळी राहते. आणि ती इतक्या झटकन निवते की स्फटिक बांधायला सवडच मिळत नाही; काच होऊन बसते. हिचे नाव फुल्गुराइट. लॅटिनमध्ये फुल्गुर म्हणजे वीज.

चार्ल्स डार्विन १८३३ साली दक्षिण अमेरिकेत उरुग्वेमधील माल्दोनादो येथे होता. तिथल्या वाळूच्या टेकड्यांत त्याला अशा नळ्या सापडल्या. एक तर त्याने हातांनी वाळू उकरत दोन फूट खोल शोधली. त्याच नळीचे सुटे तुकडे जोडले तेव्हा लांबी भरली पाच फूट तीन इंच! इजिप्तच्या वाळवंटातील एका नळीच्या बुडबुड्यांत कोंडलेले वायू तपासून, सुमारे १५,००० वर्षांपूर्वी तिथे गवत-झुडपे होती, असे २००७ साली शास्त्रज्ञांनी मांडले.

आता त्या वाळूला कोण पायाळू म्हणणार? आमच्या गावी एक बाई पावसात आंब्याखाली उभी राहिली आणि वीज पडून गेली. ती पायाळू नव्हती. तरी लोक म्हणाले, "असेलच, घरच्यांनी लपवले असेल." झाडाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. उंच झाडावर वीज पडते, तिथून जमिनीत पसरते आणि जवळ उभ्या असलेल्याला धरते, हे त्या पोरीला वेळेवर कोणी सांगितले असते तर!

माझी नात पोटात पायाकडून होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून तिला काढले, तरी विहीणबाई तिला पायाळूच म्हणतात. ती पागोळ्यांखाली मनसोक्त भिजते. गडगडू लागले की मी तिला घरात बोलावते, आणि तिच्या भावालाही.