नोंदवहीतले तलाव आणि अरवरी नदी

(यंदाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी प्राध्यापक, डॉक्टर मंडळी बोलतात. यंदा कार्यकारिणीने माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या इंजिनिअरला उभे केले आहे, तेव्हा सुरुवात माझ्या कामापासूनच करतो.

आमच्याकडे एक नोंदवही असते. जे तलाव-बंधारे फुटले तर रेल्वे लाइनला धोका, त्यांची ती यादी. पावसाळ्यापूर्वी राज्याच्या सिंचन खात्याबरोबर त्यांची पाहणी करायची. आलेले पाणी मोरीतून लवकरात लवकर पलीकडे काढून द्यायचे, हे आमचे शास्त्र. रुळापुरते ते बरोबरच आहे. पण आपण जयपूरला राहतो आणि शेजारच्या अलवर जिल्ह्यात लोकांनी नेमके उलटे शास्त्र वापरून नदी परत आणली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

अरवरी ही जेमतेम ४५ किलोमीटरची नदी. अरवलीच्या डोंगरांवरचे जंगल तुटले, गावोगावचे जुने जोहड गाळाने भरले आणि नदी पावसाळ्यापुरती उरली. विहिरी आटल्या, तरुण माणसे कामासाठी शहरांकडे गेली. १९८५ मध्ये राजेंद्रसिंह आणि तरुण भारत संघाचे कार्यकर्ते तिथे गेले ते औषधोपचार आणि शिक्षणाच्या इराद्याने. गोपालपुराच्या मांगू पटेल या वृद्ध शेतकऱ्याने त्यांना सांगितले, ते राहू द्या, आधी जोहड खोदा.

जोहड म्हणजे उताराला आडवा घातलेला अर्धचंद्राकृती मातीचा बांध. आपल्याकडचा पाझर तलावच म्हणा ना! पाऊस वर्षाला सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक तीन महिन्यांत. उघड्यावर साठवलेले पाणी ऊन खाऊन टाकते. जोहडातले पाणी मुरते, भेगाळ खडकातून विहिरींत उतरते आणि पुष्कळ सावकाश नदीच्या पात्रात पाझरते. पाणलोटात असे पावणेचारशेच्या आसपास बांध झाले. जागा गावातल्या जाणत्यांनी दाखवल्या, खर्चाचा काही वाटा श्रमदानाने गावाने उचलला. १९९५ पर्यंत अरवरी बारमाही वाहू लागली.

उगमाजवळच्या भाँवता-कोल्याला गावांनी आणखी एक गोष्ट केली. वरचे जंगल उघडे राहिले तर बांध गाळाने भरणार, हे त्यांनी ओळखले. कुऱ्हाडबंदी केली आणि १९९५ मध्ये भैरोंदेव लोक वन्यजीव अभयारण्य स्वतःच जाहीर केले. धोकची झाडे पुन्हा फुटली. (धोक चरणीला सापडला की झुडूपच राहतो, चराई थांबली की त्याचे झाड होते.) जवळच्या सरिस्काच्या सरकारी व्याघ्र प्रकल्पात मात्र २००५ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता; २००८ पासून रणथंभोरहून आणावे लागले.

नदी वाहिली, मासे आले, आणि लगेच मासेमारीचा ठेकाही निघाला! गावे अडून बसली, ठेका रद्द झाला. पण नदी कोणाची, हा प्रश्न उरला. त्यातून १९९९ मध्ये सुमारे ७० गावांची अरवरी संसद उभी राहिली. ऊस आणि भातासारखी जास्त पाण्याची पिके घ्यायची नाहीत, असे तिने ठरवले. कायद्याचा आधार नाही, पोलीस नाही. शेजाऱ्याची भीड एवढाच धाक. माझ्या मते बांधांपेक्षा हे काम अवघड. बांध एका उन्हाळ्यात होतो, पण भाव चढला असताना उसाला नाही म्हणणे दरवर्षी नव्याने करावे लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१०-११ च्या सुमारास याच पाणलोटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बांधांमुळे भूजल वाढते, पण खाली वाहून जाणारे पाणी कमी होते, असे त्यात दिसले. म्हणजे वरच्या गावाचा प्रत्येक बांध हा खालच्या गावाशी केलेला व्यवहार आहे. म्हणूनच सगळ्या गावांची एकत्र बैठक लागते.

राजेंद्रसिंहांना २००१ मध्ये मॅगसेसे आणि २०१५ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला, ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच असेल.

भाँवता थानागाजी तहसिलीत आहे. दसऱ्यानंतर मंडळाची सहल काढावी, असे मी चिटणीसांना सुचवले आहे. नावे त्यांच्याकडे द्या. प्रश्न असतील तर आता विचारा. आरतीला अजून वीस मिनिटे आहेत.