खाते तिचे, फोन कुणाचा?

(बोरगाव मेघे येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धा शहर या गावाला अगदी लागून आहे. येथील भगिनी भाजी विकतात, पापड लाटतात, शिवणकाम करतात, डबे पोचवतात. २०१६ साली यूपीआय आले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली; आणि पुढे दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठीही गिऱ्हाईक खिशातून फोन काढू लागले.

या बदलाला आंधळा विरोध करणे आपले काम नव्हे. सुट्ट्या पैशांची अडचण दूर होते. विक्रीची नोंद राहते. कर्ज मागताना ती उपयोगी पडू शकते. प्रश्न वेगळा आहे. पैसा जमा कोणाच्या खात्यात होतो?

हाती आलेली नोट बाई पदराच्या गाठीत बांधत असे, डाळीच्या डब्यात ठेवत असे. तिच्या श्रमाचा तेवढा भाग तिच्या सत्तेखाली होता. हातगाडीवरचा क्यूआर कोड नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्याशी जोडलेला असेल, तर दिवसभर उन्हात बसणारी ती, आणि गल्ला मात्र दुसऱ्याच्या खिशात! २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ग्रामीण भारतात स्वतः वापरते असे बँक खाते ७७.४ टक्के स्त्रियांकडे होते. स्वतः वापरते असा मोबाइल केवळ ४६.६ टक्के स्त्रियांकडे. या दोन आकड्यांमधील दरीत तिची कमाई अडकते.

‘घर एकच, मग खाते कुणाचेही का असेना’, असे कोणी म्हणेल. सातबाऱ्यावर बाईचे नाव लावा म्हटले, तेव्हाही हेच ऐकावे लागले होते.

१९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यातच उभा राहिला. कुमारप्पांनी त्यासाठी आयुष्य वेचले. श्रमाचे मोल श्रमणाऱ्याच्या हाती राहावे, हा त्यामागचा विचार यंत्र बदलले म्हणून जुना होत नाही.

म्हणून कामाला लागू या. प्रत्येक बचत गटात जाऊन कोड कोणाच्या खात्याचा आहे, हे विचारा. पैसे स्वीकारताना पिन कधीच द्यावा लागत नाही, हे समजावून सांगा. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार करायला शिकवा. फोनसाठी गटातून कर्ज मिळावे, असा आग्रह धरा. आणि जिला रोखीनेच व्यवहार करायचा आहे, तिला अडाणी म्हणून हिणवू नका.

डाळीचा डबा गेला तर जावो. त्याची किल्ली तिच्याच हाती राहिली पाहिजे.